वराडकरांच्या देशात मतदान झालं तेव्हा

लिओ वराडकर जून २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले, त्या आठवड्यात मला इथे डब्लिनला मालवणहून जेवढे फोन आले तेवढे माझं लग्न ठरलं तेव्हाही आले नव्हते. "आपलो वराडचो झील थंय पंतप्रधान झालो मां?" असं मावशी अशा थाटात विचारत होती, की जणू शपथविधीची पत्रिका तिच्याच हस्ते वाटायची होती. वडील डॉ. अशोक वराडकर मुंबईहून इंग्लंडला गेले, तिथे एका आयरिश नर्सशी त्यांचं लग्न झालं, आणि कुटुंब डब्लिनला स्थायिक झालं. गाव वराड, तालुका मालवण. सगळं खरं.

मग आवाज खाली यायचा. "पण ते... तसे आहेत म्हणे?"

आहेत. जानेवारी २०१५ मध्ये, आरोग्यमंत्री असताना, आपल्या ३६व्या वाढदिवशी त्यांनी रेडिओवरच्या मुलाखतीत ते स्वतः सांगितलं. चार महिन्यांनी, २२ मे २०१५ ला, या देशाने समलिंगी विवाहावर सार्वमत घेतलं. मावशीला फोनवर एवढं सगळं सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहिते.

आधी जुना कायदा, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ हे १८६० सालचं. आयर्लंडही तेव्हा लंडनच्याच हुकमतीखाली. इथे तसाच १८६१ चा कायदा आला, आणि १८८५ मध्ये त्यात आणखी एका कलमाची भर पडली. या १८८५ च्या कलमाखाली लंडनमध्ये ऑस्कर वाइल्डला दोन वर्षं सक्तमजुरी झाली, आणि हा वाइल्ड जन्माने डब्लिनचा. इंग्रज गेले, पण कायदा दोन्हीकडे मागे राहिला. स्वतंत्र आयर्लंडमध्ये तर चर्चचं वजन एवढं, की घटस्फोटसुद्धा १९९५ च्या सार्वमतात जेमतेम नऊ हजार मतांनी मंजूर झाला. हा आकडा लक्षात ठेवा. त्याच देशाने पुढे वीस वर्षांत काय केलं, ते त्याशिवाय कळत नाही.

माझ्या बसच्या वाटेवर फेअरव्ह्यू पार्क लागतं. साधी बाग आहे, मुलं फुटबॉल खेळतात, म्हातारी माणसं कुत्री फिरवतात. सप्टेंबर १९८२ मध्ये इथे डेक्लन फ्लिन नावाच्या ३१ वर्षांच्या माणसाला पोरांच्या एका टोळक्याने गे समजून मारहाण करून ठार केलं. मार्च १९८३ मध्ये न्यायालयाने शिक्षा सुनावली आणि ती स्थगितही ठेवली, त्यामुळे सगळे त्याच दिवशी घरी गेले. त्या महिन्यात शेकडो लोक शहरातून चालत या बागेपर्यंत आले. इथले जाणते लोक आयर्लंडमधल्या या चळवळीची सुरुवात त्या मोर्चापासून धरतात. ज्या कायद्याच्या लेखी मेलेला माणूसच गुन्हेगार ठरू शकत होता, त्या कायद्याने मारणाऱ्यांना सोडलं तर नवल कसलं, असं मला ती बाग दिसली की वाटतं.

त्याच सुमाराला डेव्हिड नॉरिस हा ट्रिनिटी कॉलेजमधला इंग्रजीचा प्राध्यापक याच कायद्याविरुद्ध न्यायालयात भांडत होता. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो तीन विरुद्ध दोन असा हरला. राज्यघटना ख्रिस्ती भूमिकेतून घडलेली आहे, तेव्हा हा कायदा तिच्या विरोधात नाही, असा बहुमताचा सूर होता. नॉरिस स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेला. त्याच्या आधी, १९८१ मध्ये, बेलफास्टच्या (म्हणजे ब्रिटनकडेच राहिलेल्या उत्तर आयर्लंडमधल्या) जेफ डजनने तिथेच ब्रिटनविरुद्ध असा खटला जिंकला होता. १९८८ मध्ये नॉरिसही जिंकला, आठ विरुद्ध सहा. पुढे सरकारने पाच वर्षं फाईल हलवली नाही (हे वाचताना घरच्यांना फार परकं वाटणार नाही). अखेर १९९३ मध्ये कायदामंत्री मॉइरा गेगन-क्विन यांनी हा गुन्हा रद्द करणारं विधेयक आणलं. त्यावर सही करणाऱ्या राष्ट्राध्यक्ष होत्या मेरी रॉबिन्सन, म्हणजे नॉरिसचा खटला लढवलेल्या वकीलबाई.

या डजन आणि नॉरिसची नावं आपल्याकडेही पोचली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये कलम ३७७ ला कात्री लावली, त्या निकालात या दोन्ही खटल्यांचे दाखले आहेत. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांनी पुन्हा सुलटा केला. एके काळी लंडनहून कायदा निघाला आणि डब्लिन-मुंबईला पोचला. शंभर-सव्वाशे वर्षांनी त्याला उत्तर बेलफास्ट आणि डब्लिनहून निघालं, ते दिल्लीपर्यंत आलं. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत जास्त आवडतं ते हे.

आता मतदान. इथली घटना बदलायची तर लोकांचं मत घ्यावंच लागतं, दुसरी वाट नाही. घटनेत काय बदलावं ते सुचवायला नेमलेल्या घटना परिषदेत एक अध्यक्ष, ६६ सामान्य नागरिक आणि ३३ राजकारणी होते. तिने २०१३ मध्येच मोठ्या बहुमताने शिफारस केली होती. मला स्वतःला मत नव्हतं, सार्वमत फक्त नागरिकांचं. त्यामुळे मी विजेच्या खांबांवरच्या पाट्या वाचत फिरायचे. 'हो'वाल्या पाट्यांवर समानता, 'नाही'वाल्यांवर मुलाला आई आणि बाप दोघंही हवेत, असा सूर.

शेजारच्या बाई निवृत्त नर्स, दर रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या. त्यांचा भाचा गे. त्या संध्याकाळी पावसात रेनकोट घालून प्रचाराला निघायच्या. दारोदार जाऊन बेल वाजवायची नि बोलायचं, ही इथल्या राजकारणाची जुनी रीत. फक्त या वेळी बोलायचं होतं घरातलं. "मी माझ्या भाच्यासाठी आलेय," एवढंच त्या म्हणायच्या. कोणी दार लावून घ्यायचं, कोणी आत बोलावून चहा द्यायचं आणि मग मत देणार नाही असं सांगायचं. एका म्हाताऱ्याने काही न बोलता नुसता हात धरला म्हणे. आयर्लंडमध्ये हा बदल झाला तो असा, आत्या-मावश्यांनी दारात उभं राहून घरचं गुपित उघड्यावर मांडलं म्हणून.

निकाल २३ मे ला लागला. बारा लाखांवर मतं 'हो', म्हणजे ६२ टक्के. ४३ मतदारसंघांपैकी फक्त एकाने, रॉसकॉमन-साउथ लीट्रिमने, 'नाही' म्हटलं. लोकांच्या थेट मतदानाने समलिंगी विवाहाला मान्यता देणारा हा पहिला देश. डब्लिन कॅसलच्या अंगणात लोक रडत होते, नाचत होते. गंमत म्हणजे त्याच दिवशी दुसरी एक मतपत्रिका होती, राष्ट्राध्यक्षपदासाठी वयाची अट ३५ वरून २१ वर आणायची का. ती लोकांनी ७३ टक्क्यांनी आपटली. म्हणजे 'मतदार भावनेच्या भरात सगळ्याला हो म्हणत होते' असं कोणी सांगितलं तर पटू देऊ नका.

इथे सगळे या दिवसाबद्दल अभिमानाने बोलतात, मलाही तो आवडला. तरी माझ्या मनात एक खडा रुतलेला आहे. शेजारच्या बाईंचा भाचाही एक-दोनदा त्यांच्याबरोबर गेला होता. आपलं लग्न होऊ द्याल का, हे त्याने अनोळखी माणसांच्या दारात उभं राहून विचारायचं, आणि नकार हसून ऐकून पुढच्या घराची बेल वाजवायची. माझ्या लग्नाला मालवणच्या सगळ्या आळीची परवानगी लागली असती तर? निकाल ३८ टक्क्यांच्या बाजूने झुकला असता तर? हक्क बहुमताला विचारून मिळावा हे मला पटत नाही, मग उत्तर कितीही गोड मिळो.

कायदा एकाच दिशेने जातो असंही नाही. नेदरलँड्सने २००१ मध्ये सुरुवात केली, तैवान २०१९ मध्ये आलं, थायलंड जानेवारी २०२५ मध्ये. सिंगापूरने आपलं ३७७अ २०२२ मध्ये रद्द केलं. पण युगांडाने २०२३ मध्ये काही प्रकरणांत थेट मृत्युदंड आणला, आणि आजही साठाहून जास्त देशांत हा गुन्हाच आहे. लांब कशाला जायचं, डब्लिनहून आगगाडीने दोन तासांवर बेलफास्ट. जानेवारी २०२० पर्यंत इथलं लग्न तिथे गेलं की नुसती नोंदणीकृत भागीदारी ठरायचं. बेट तेच, पाऊसही तोच.

ओळखीत दोन मराठी मुलं आहेत, एक पुण्याचा, एक नाशिकचा. त्यांनी इथल्या नोंदणी कार्यालयात लग्न केलं. तीन महिने आधी नोटीस द्यावी लागते, सर्वांनाच. एकाच्या नोकरीच्या परवान्यावर दुसऱ्याला जोडीदार म्हणून राहण्याचं आणि काम करण्याचं कार्ड मिळालं. काउंटरवरच्या बाईने लग्नाचा दाखला बघितला, शिक्का मारला, पुढचा नंबर पुकारला. त्या दोघांना सर्वांत जास्त आनंद या कंटाळवाण्या वागण्याचा झाला होता.

मुंबईच्या विमानतळावर उतरले की मात्र त्या दाखल्याला किंमत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि विषय संसदेकडे सोपवला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने एवढं स्पष्ट केलं, की अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडता येतं आणि एकमेकांना नॉमिनी नेमता येतं. मागच्या दिवाळीत गेले तेव्हा दोघांनी पुण्यात खातं उघडलं. नाशिकच्या आईला त्यांनी ते सांगितलं, लग्नाचं अजून नाही. ती म्हणाली, बरं केलंत, परदेशात पैसा उडतो, आणि व्याज किती मिळतं ते विचारलं.