तुम्ही विचारलंत म्हणून: किती?

आफ्रिकेतल्या मलावीहून नगरला परत येऊन तीन वर्षं झाली, प्रश्न मात्र तोच. शेजारच्या काकू आवाज खाली आणून विचारतात, "तिकडे किती जणांना बाटवलंत?" आमच्या चर्चमधले लोक भक्तिभावाने विचारतात, "किती आत्मे मिळाले?" दोघांनाही हवा असतो आकडाच.

घ्या आकडा. शून्य. मलावीत चारातली तीन माणसं आधीच ख्रिस्ती आहेत. नगरला अमेरिकन मिशनरी १८३१ मध्ये आले, मलावीतल्या ब्लँटायरला स्कॉटिश १८७६ मध्ये. म्हणजे आम्ही पंचेचाळीस वर्षांनी थोरले, एवढाच काय तो रुबाब. तिथल्या एका चर्चला तरुणांचा बायबलवर्ग सुरू करायला कुणीतरी हवं होतं. हे निवृत्त झालेले, मुलं मार्गी लागलेली. गेलो. बाजारात मला सगळे 'म्वेन्ये' म्हणत, म्हणजे भारतीय, म्हणजे दुकानदार. मिशनरीणबाईला लोक साखरेचा भाव विचारायचे.

वर्ग गुरुवारी संध्याकाळी. आधी सात जण, मग चाळीसपर्यंत गेले. वीज गेली की मोबाइलच्या उजेडात. टिपणं मी इथूनच नेली होती, आमच्या तरुण संघाची, उदाहरणांसकट. तेव्हा त्यात काही गैर वाटलं नाही.

बायबलमधल्या उत्पत्तीचा दुसरा अध्याय चालू होता. लग्नानंतर मुलीने माहेर कसं मागे ठेवायचं ते मी सांगत होते, आणि वर्ग हसायला लागला. एक मुलगा म्हणाला, "अमायी (म्हणजे बाई), वचनात तर पुरुष आईबापांना सोडतो." मी पुन्हा वाचलं. खरंच की! दक्षिण मलावीत तशीच रीत आहे: जमीन आईकडून मुलीकडे जाते, लग्नानंतर नवरा बायकोच्या गावी राहायला येतो. चिकाम्विनी म्हणतात. माझ्या लग्नात पाळकांनी हेच वचन वाचलं होतं, आणि तासाभराने मी रडत संगमनेरच्या जीपमध्ये बसले होते.

तिथेच शहाणं व्हायला हवं होतं. नाही झाले.

काही महिन्यांनी वर्गातली एक मुलगी घरी आली. नवरा उत्तरेकडचा. तिकडे मुलाकडचे देज, म्हणजे वधूचं मोल, देतात आणि सून घरी नेतात. त्याला तिला म्झुझूला न्यायचं होतं, तिच्या आईचा आणि मामाचा विरोध होता. काय करू, म्हणाली. मी तिला माझ्या आईचं वाक्य दिलं: नवऱ्याचं घर तेच आपलं घर, देव बघून घेईल. रात्री हे म्हणाले, "तुला यात पडायला कुणी सांगितलं होतं?" मी म्हटलं, तिनेच विचारलं. ते खरंच आहे. आजही मी तेच म्हणते, तिनेच विचारलं होतं.

दीड वर्षाने ती परत आली. मधलं मी लिहिणार नाही, ते तिचं आहे. पाठीला चितेंजेत, म्हणजे तिथल्या बायका गुंडाळतात त्या कापडात, बांधलेलं बाळ, सोबत मामा. दक्षिणेत भाचीच्या लग्नाची जबाबदारी मामाच्या शिरावर असते. ते व्हरांड्यात बसले. चहा नको म्हणाले. रागावलेले नव्हते, रागावले असते तर मला बरं पडलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्या देशात मुलीचं वाईट झालं, तर तिला आणायला कोण जातं?"

"भाऊ जातो," मी म्हटलं.

माझा भाऊ एकदाही आला नव्हता. आणि मी दोनदा पत्र पाठवलं होतं.

त्यांनी मान हलवली, मुलीला म्हणाले, चल.

आता तुम्ही म्हणाल, त्यांची पद्धत म्हणजे तरी काय स्वर्ग? नाहीच. तिथे मामाचा शब्द चालतो, मुलीचा चालतोच असं नाही. हे मी स्वतःला कितीतरी वेळा ऐकवलंय. शिवाय ती माझ्याकडे आली नसती, तरी कदाचित गेलीच असती. कदाचित.

पुढच्या गुरुवारी ती वर्गाला आली, मागे बसली. मी उत्पत्ती बाजूला ठेवून मार्कचं शुभवर्तमान काढलं. प्रश्न विचारा म्हटल्यावर मुलांनी विचारले. तिने त्या दिवशी काही विचारलं नाही, आणि आम्ही निघेपर्यंत कधीच नाही.