शिंदेंच्या घरातला याधाफ

मी जर्मनीला निघालो तेव्हा सांगलीच्या आत्यानं पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे तू नांदायला चाललास म्हण की!" सगळे हसले. मीही हसलो. पण खरं तेच होतं. बायको स्टुटगार्टला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. मी पुण्यात एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात. वर्षभर व्हिडिओ कॉलवर संसार करून कंटाळलो आणि शेवटी राजीनामा मी दिला. तिचा पगार माझ्या चौपट होता, त्यामुळं चर्चा फार लांबली नाही.

व्हिसाचं काम मुंबईतून झालं. बायकोकडं ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा राहण्याचा परवाना, असल्यामुळं मला जर्मन भाषेची ए-वन ही पहिल्या पातळीची परीक्षा सक्तीची नव्हती. तरी पुण्यात संध्याकाळचा क्लास लावून मी ती दिली. पुढचे सहा महिने जे काही निभावलं, ते तेवढ्या शिदोरीवर. कागदांचा फार त्रास झाला नाही, कारण बायकोनं लग्नानंतर आडनाव बदललेलं नाही. पासपोर्ट, नोकरीचा करार, घराचा करार, विवाह नोंदणीचा दाखला, सगळीकडं ती शिंदेच. आमच्या ओळखीतल्या एकीचं निम्म्या कागदांवर माहेरचं आडनाव आणि निम्म्यांवर सासरचं. ती प्रतिज्ञापत्रं करून करून दमली. आपण बरे सुटलो, असं मला वाटलं होतं.

नोव्हेंबरात फ्रँकफर्टला उतरलो. विमानतळाखालूनच रेल्वे सुटते, सव्वा तासात स्टुटगार्ट. तिथलं मुख्य स्टेशन गेली कित्येक वर्षं खणून ठेवलंय. २०१० साली काम सुरू झालं, ते अजून चालूच. फलाटावरून बाहेर यायला पत्र्याच्या बोगद्यांतून इतकं चालावं लागलं की एकदम घरच्यासारखं वाटलं. पुण्यातल्या माणसाला खोदकामाचं काय नवल? नवल वाटलं ते अंधाराचं. दुपारचे साडेचार वाजले होते आणि दिवे लागले होते. शहर वाटीसारख्या खोलगट भागात वसलेलं, घरं चारी बाजूंच्या उतारांवर, आणि घराकडं जायला दगडी पायऱ्या. दोन मोठ्या बॅगा, एका पिशवीत आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी. पायऱ्या मोजायच्या मी शंभरावर सोडून दिल्या.

दारात बेलच्या बटणांची पाटी होती. फ्लॅट नंबर नाहीत, नुसती आडनावं. त्यात एक 'शिंदे'. बायको म्हणाली, "बघ, मराठी पाटी!" कौतुकानं फोटो काढला. त्या पाटीत माझ्यासाठी काही इशारा असेल हे डोक्यातही आलं नाही.

पहिल्या आठवड्यात पत्ता नोंदवायला गेलो. इथं घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असते, त्याला 'आनमेल्डुंग' म्हणतात. घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, की हा माणूस खरंच इथं राहतो. काउंटरवरच्या बाई शांतपणे टाइप करत होत्या, आणि मधेच त्यांनी विचारलं, "धर्म?" मी दचकलोच. सरकारी कचेरीत हा प्रश्न कुठल्या सुरात विचारला जातो याचे आपले काही अनुभव असतात. इथं भानगड निराळी होती: चर्चचा सभासद असेल त्याच्याकडून सरकार चर्चचा कर कापून घेतं, या राज्यात आयकराच्या आठ टक्के. मी चर्चचा नाही म्हटल्यावर त्यांनी पुढचा रकाना भरला. आडनाव मात्र त्यांनी दोनदा वाचलं. इंग्रजी जे म्हणजे जर्मनमध्ये य, आणि शेवटच्या व्ही चा फ. त्या दिवसापासून मी जाधवचा 'हेर याधाफ', म्हणजे श्रीयुत याधाफ, झालो.

नोंदणी झाली की बाकीचं आपोआप घरी येतं, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. अकरा आकडी कर क्रमांक पोस्टानं येतो. आरोग्य विम्याचं फोटो असलेलं कार्ड पोस्टानं येतं. माझी कमाई नसल्यामुळं बायकोच्या विम्यात मी फुकट. मी रोज खाली जाऊन पत्रपेटी बघायचो. तिच्यात बायकोची पत्रं, सुपरमार्केटच्या जाहिराती. माझं काहीच नाही. एक महिना झाला. इकडं वेळेत सगळं होतं म्हणतात, ते हेच का, असं मी बायकोला टोमण्यानं म्हणालोसुद्धा.

दरम्यान भाषेचा वर्ग सुरू झाला होता. सहाशे तास भाषा आणि वर शंभर तास जर्मनीचा इतिहास, कायदा, राहणीमान. वर्गात तुर्की, युक्रेनी, ब्राझिलियन. पहिल्याच दिवशी 'आपला व्यवसाय काय' हा धडा. मला बँकेतला शब्द पाठ होता, पण बाईंनी "आत्ता काय करता?" असं विचारलं. मी उत्तर शोधत होतो तर शेजारची ब्राझीलची मुलगी मदतीला धावली, "हाउसमान!" घरकाम बघणारा नवरा. वर्गात कुणाला त्यात काही वाटलं नाही. मला वाटलं. संध्याकाळी मी बायकोशी उगाच भांडलो, भांडण भाताच्या पाण्यावरून काढलं.

आणि त्याच आठवड्यात आमच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकलेली दिसली: 'केरवोखं'. या भागाची ही खास प्रथा. पाटी ज्याच्या दारावर, त्यानं त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा. मोठी पाळी असली की दारापुढचा रस्ता आणि बर्फसुद्धा. बायको ऑफिसला, म्हणून मी बादली घेतली. सांगलीत आयुष्यात केरसुणीला हात लावला नव्हता. खालच्या मजल्यावरच्या आजी दार किलकिलं करून बघत होत्या. "ग्र्यूस गॉट," मी इकडचा नमस्कार घातला. त्यांनी कोपऱ्याकडं बोट दाखवलं. कोपरा राहिला होता.

डिसेंबराच्या मध्यावर विमा कंपनीचं पत्र बायकोच्या नावानं आलं. तुमच्या पतीचं कार्ड आम्ही पाठवलं होतं, ते परत आलं. शिक्का असा की या पत्त्यावर ही व्यक्ती सापडत नाही. आम्ही दोघं ते पत्र घेऊन स्वयंपाकघरात उभे. मी तर इथंच होतो, रोज, चोवीस तास! मग बायकोच्या डोक्यात प्रकाश पडला. इथल्या पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघतो. पेटीवर शिंदे, पाकिटावर जाधव, की पाकीट परत. कर क्रमांकाचं पत्रही असंच फिरून गेलं असणार. लग्नानंतर नाव बदलायचा प्रश्न आपल्याकडं नेहमी बाईपुढं येतो. इथं चक्क माझ्यापुढं आला होता, तोही पत्रपेटीच्या रूपानं.

मी लगेच कागदावर ठळक अक्षरांत आडनाव लिहून पेटीवर डकवलं. दुसऱ्या दिवशी खालच्या आजींनी बेल वाजवली. कागद चालत नाही, सगळ्या पाट्या एकसारख्या हव्यात, इमारत सांभाळणाऱ्यांना मेल करा. हे सगळं त्यांनी माझ्यासाठी सावकाश, तोडून तोडून सांगितलं. मग घरात जाऊन पारदर्शक टेप घेऊन आल्या आणि माझा वाकडा कागद स्वतः सरळ करून चिकटवला. पाटी येईपर्यंत, म्हणाल्या. पाटी यायला तीन आठवडे लागले. पितळी रंगाची, दोन ओळींची.

कर क्रमांक पुन्हा मागवायला अर्ज केला, त्यात आणखी काही आठवडे गेले. पण पेटीत माझ्या नावाचं पहिलं पत्र त्याआधीच आलं. जाड पाकीट, खिडकीतून दिसणारं पूर्ण नाव. पासपोर्टात वडिलांचं नाव माझ्या नावाला जोडूनच, त्यामुळं तेही छापलेलं. जिन्यातच फोडलं. रेडिओ-टीव्हीची वर्गणी भरा, महिन्याला १८.३६ युरो. घरटी एकदाच भरायची असते आणि बायको आधीपासून भरत होती, त्यामुळं तिचा क्रमांक कळवला की काम संपलं. पण मी त्या पाकिटाचा फोटो काढून वडिलांना, आबांना पाठवला.

पाच मिनिटांत फोन. "नोकरीची ऑर्डर आली का रं?"

"नाही आबा. रेडिओचं बिल आलंय."

आबा क्षणभर गप्प. मग म्हणाले, "मग काय, आम्ही पण भरायचो की. रेडिओचं लायसन असायचं, पोस्टात जाऊन पैसे भरायचे. तुझा आजा तर पुस्तक कपाटात कुलूप लावून ठेवायचा." थोडं थांबून, "नाव कसं छापलंय बघू. माझंबी आहे की त्यात."