आमची वाटचाल : नुसता गॅस भरून देत नाही

'एसी गॅस भरून मिळेल' असं आमच्या बोर्डावर कधीच नव्हतं. जुन्या मोटरहोमचे, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाड्यांचे एसी आम्ही आर-12 या जुन्या गॅसवरून आर-134ए या नव्या गॅसवर करून देतो. यातला फरक न कळणाऱ्यांनी आमचं बरंच नुकसान केलं. त्यांत पहिले आम्हीच.

सुरुवातीला अण्णा आणि मी, दोघंच. भांडवल त्यांचं, पाना माझा. ओझोनचा थर वाचवायला झालेल्या 1987 च्या माँट्रियल करारानंतर आर-12 हळूहळू बंद होत गेला आणि कन्व्हर्जनची कामं येऊ लागली. पहिल्या तीन गाड्यांत गॅस बदलला, फिटिंग बदलली, तेल जुनंच ठेवलं. ते जुनं मिनरल ऑइल आर-134ए मध्ये मिसळत नाही. गॅसबरोबर परत न येता लाइनीत साचतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. एकामागून एक तिन्ही जाम. तिसरा उघडला तर आत काळा लगदा, बोटांत चोळला की ॲल्युमिनियमची भुकटी चमकायची. अण्णांनी तिन्ही कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर पदरचे पैसे घालून बदलून दिले. शेड विकायलाच निघाली होती.

तेव्हापासून नव्या गॅसमध्ये मिसळणारं एस्टर ऑइल, ओलावा शोषणारा नवा ड्रायर, नव्या ओ-रिंगा, गॅस झिरपू न देणारे बॅरियर होज आणि दाब फार वाढला की कॉम्प्रेसर थांबवणारा हाय-प्रेशर कटआउट घातल्याशिवाय गाडी सोडत नाही. मागच्या कूलिंग कॉइलपर्यंत पाइप चेसिसखालून जातो. क्लॅम्पपाशी तेलकट धूळ चिकटलेली दिसली की लीक तिथेच शोधायचं. आधी नायट्रोजनचा दाब, मग साबणाचं पाणी, मग व्हॅक्यूम. गॅस काट्यावर मोजून, आर-12 च्या वजनाच्या 80-85 टक्क्यांपासून. आणि हो, गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणाऱ्यांनो, अधूनमधून दहा मिनिटं एसी चालवा. नाहीतर कॉम्प्रेसरचं शाफ्ट सील वाळतं.

पलीकडच्या शेडवाल्याला हे सगळं फुकटचं नाटक वाटायचं. तो प्रोपेन-आयसोब्युटेनचं मिश्रण भरायचा. जुनं तेल, जुने होज, अर्ध्या तासात गारेगार! गारवा खोटा नव्हता, हे मान्य. पण कॉइल पलंगाखाली आणि दोन हातांवर शेगडी, असल्या गाडीत पेटणारा गॅस? गिऱ्हाइकं तरी त्याच्याकडेच. आमच्याकडे राहिले ते एक काका. म्हणायचे, "घाई नाही रे, पण परत उघडायला लावू नकोस." त्यांच्या गाडीच्या होजची टोकं मी स्वतः दाबून बसवली, क्रिंप केली.

पुढे त्याच शेडमधून आलेल्या एका गाडीचा गॅस आम्ही न तपासता जुना गॅस साठवायच्या रिकव्हरी सिलिंडरमध्ये ओढला. ते मिश्रण मिसळून आख्खा सिलिंडर बाद.

पलीकडच्या शेडचा बोर्ड आता उतरलाय. त्याच्या गाड्या आमच्याकडे येतात. आधी आयडेंटिफायर, म्हणजे गॅस ओळखायचं यंत्र लावतो, मिश्रण निघालं तर वेगळ्या सिलिंडरमध्ये काढतो. या कामाचे पैसे सांगितले की गिऱ्हाईक म्हणतं, "तो तर असले पैसे कधी घ्यायचा नाही."