नवा मोवर : पहिल्या २५ तासांची वही

गवत कापायच्या जुन्या मशीनने, म्हणजे मोवरने, गेल्या मोसमात मान टाकली तेव्हा त्याचं इंजिन ठणठणीत होतं. गेला तो डेक, म्हणजे पात्यावरचं कवच. मागचं चाक जिथे बसतं, त्या पत्र्याच्या कोपऱ्यात ओलं गवत साचत राहिलं, आतून गंज चढत गेला आणि एके दिवशी वळण घेताना चाक पत्र्यासकट निखळलं. ते मशीन घेताना मी स्टिकरवरची हॉर्सपॉवर वाचली होती, खाली वाकून एकदाही बघितलं नव्हतं. या वेळी आधी प्रत्येक मशीनच्या पोटाखाली बघितलं, स्टिकर शेवटी.

हॉर्सपॉवरवरचा विश्वास तसाही उडाला होता. अमेरिकेत २००४ साली मोवरच्या इंजिनांवर फुगवलेले आकडे छापतात म्हणून खटला झाला आणि २०१० मध्ये तो तडजोडीने मिटला. आता बऱ्याच इंजिनांवर सीसी (सिलिंडरचं आकारमान) नाहीतर टॉर्क (फिरवण्याची ताकद) लिहिलेला असतो. ते बरंच आहे, कारण उंच, ओल्या गवतात पातं अडखळतं तेव्हा कामाला येतो तो टॉर्कच.

निवड

माझी बाग साधारण २,००० चौरस मीटर, म्हणजे अर्धा एकर. एका कोपऱ्यात उतार आहे आणि सहा झाडांची मुळं जमिनीवर आलेली आहेत. पात्याच्या रुंदीतले ५ सेंटीमीटर शेजारच्या पट्ट्यावर चढतात असं धरलं, तर ४१ सेंटीमीटरच्या मशीनमागे साडेपाच किलोमीटर चालावं लागतं, ५३ च्या मागे सव्वाचारच्या आत. ५३ चा मोह खूप झाला. पण रुंद डेक खाचखळग्यांवर टेकतो आणि उंचवट्यावरची हिरवळ मुळापासून खरवडून काढतो. त्यात झाडांमधून वळायचं म्हणजे रडकथा. ४८ वर थांबले. चाल पडते सुमारे ४.७ किलोमीटर, आणि स्वतः पुढे जाणारं मशीन असल्यामुळे तेवढं चालवतं.

मशीन पुढे नेणारा गिअर मागच्या चाकांना हवा, हे आधीच ठरलं होतं. पिशवी गवताने भरली की वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी पडतात आणि उतारावर जागच्या जागी फिरतात. सपाट, छोट्या हिरवळीला पुढच्या चाकांचं मशीन वळवायला सोपं जातं. माझ्याकडे ते चाललं नसतं.

डेक ओतीव अॅल्युमिनियमचा घेतला. तो दगड लागून तडकू शकतो, हे मान्य. पण दगड मी उचलून बाजूला टाकू शकते, गंजाचं तसं नाही.

इंजिनात दोन गोष्टी बघितल्या. सिलिंडरला आतून बिडाची स्लीव्ह, म्हणजे नळीसारखं अस्तर, आहे का, आणि सुटे भाग मिळतात का. होंडाचं जीएक्सव्ही १६० किंवा कावासाकीचं एफजे १८० व्ही यांसारख्या दिवसभर चालवायच्या इंजिनांत ही स्लीव्ह असते. नुसत्या अॅल्युमिनियमच्या बोअरपेक्षा (सिलिंडरच्या आतल्या भिंतीपेक्षा) ती झिजायला पुष्कळ जास्त वेळ घेते. मी घेतलेलं इंजिनही स्लीव्हचंच, १६० सीसीच्या आसपासचं. शिवाय एअर फिल्टरचं झाकण हाताने उघडतं का, ठिणगी देणाऱ्या प्लगला पाना सरळ लागतो का, चाकांत बेअरिंग आहेत की नुसते प्लास्टिकचे बुश, हे स्वतः हात घालून बघितलं. ज्या मशीनचा फिल्टर काढायला चार स्क्रू लागतात, त्याचा फिल्टर कुणीही साफ करत नाही. मीही केला नसता.

दांडा सोडला की पातं थांबतं पण इंजिन चालू राहतं, असा क्लच महागड्या मशीनना असतो. पिशवी दहा-दहा वेळा रिकामी करायची तर सोय छान आहे. पण तो झिजणारा आणखी एक भाग, म्हणून घेतला नाही. दांडा सोडला की इंजिनासकट सगळं थांबतं, ते मला पुरतं. पातं ३ सेकंदांत थांबलंच पाहिजे हा नियम अमेरिकेत १९८२ पासून आहे. माझं मशीन मी घड्याळ लावून तपासलं, अडीचच्या आत थांबलं.

तास ५

प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा तास-मीटर बसवला आहे. ही वही त्याच्याच भरवशावर चालते.

पहिलं ऑइल बदललं. इंजिन गरम असतानाच काढलं, अर्ध्या लिटरच्या आसपास निघालं. उन्हात धरल्यावर त्यात चंदेरी कण चमकत होते. नवे भाग एकमेकांवर बसताना हे होतंच, आणि पहिला बदल ५ तासांना सांगतात तो यासाठीच. पुढचा ५० ला. मशीन कलवताना प्लगचं टोक वर ठेवते. जुनं मशीन मी एकदा कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) बाजूवर आडवं केलं होतं, ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरलं आणि पुढची पंधरा मिनिटं बागेत पांढऱ्या धुराचे ढग होते.

तास ९

मुळावर आदळलं. गवताखाली झाकलेलं होतं, माझंच लक्ष नव्हतं. ठक्क असा आवाज आणि इंजिन बंद. नंतर दोरी ओढली तर तिने उलटा हिसका दिला, बोटं बधिर झाली. प्लग काढून बघितला, ठिणगी पडत होती. पेट्रोल येत होतं. हवाही मोकळी. सगळं आहे आणि तरी चालू होत नाही, यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

दुसऱ्या दिवशी फ्लायव्हील, म्हणजे इंजिनावरचं जड चाक, उतरवलं. ते आणि क्रँकशाफ्ट (इंजिनाची फिरणारी आस) यांच्यामध्ये एक बोटाच्या पेराहून लहान चावी असते. माझ्या इंजिनात ती मऊ धातूची आहे आणि अर्धी कापली गेली होती. पातं थेट क्रँकला बसवलेलं असतं, त्यामुळे पातं अडलं की क्रँक जागीच थांबतो, पण जड फ्लायव्हील गतीने पुढे सरकतं. सरकलं की त्यातलं चुंबक ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलसमोर आधी येतं, ठिणगी वेळेच्या आधी पडते आणि दोरी उलटी खेचली जाते. फ्यूज उडावा तशी ही चावी तुटते. नवी बसवली, नट टॉर्क पान्याने कसला, दुसऱ्या ओढीला मशीन सुरू.

त्याआधी क्रँक तपासला, ते कुणी विसरू नका. प्लगची वायर काढून ठेवली, पातं हाताने हळूहळू फिरवलं आणि मधल्या बोल्टकडे टक लावून बघितलं. बोल्ट डगमगला असता तर क्रँक वाकलेला, म्हणजे अख्ख्या इंजिनाचाच खर्च. डगमगला नाही. मुळांभोवती आता खुणेच्या काठ्या रोवल्या आहेत.

तास १८

दीड महिना मशीन उभं होतं. ठेवण्यापूर्वी पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवलं, मग कार्बोरेटरची वाटीही सोडून रिकामी केली. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, आणि जुनं झालं की चिकट होऊन जेटचं, म्हणजे पेट्रोल जायच्या तोटीचं, बारीक भोक बुजवतं. टाकी काठोकाठ भरून पेट्रोल टिकवणारा स्टॅबिलायझर टाकावा, असं मानणारेही बरेच आहेत. त्यांच्याशी वाद नाही, पण रिकाम्या जेटमध्ये अडकायला काही उरत नाही. महिन्याहून जुनं पेट्रोल मशीनमध्ये घालत नाही. तिसऱ्या ओढीला चालू झालं.

तास २५

गवताची टोकं कापल्यावर पांढरी, फाटल्यासारखी दिसू लागली होती. पातं बोथट झाल्याची खूण. उतरवून कानशीने धार लावली आणि भिंतीतल्या खिळ्यावर मधल्या भोकाने अडकवून बघितलं, डावी बाजू खाली गेली. त्या टोकाचं थोडं घासून समतोल आणला. मिनिटाला २,९०० फेरे धरले तर ४८ सेंटीमीटरच्या पात्याचं टोक ताशी २६० किलोमीटरने धावतं. तिथे दोन-चार ग्रॅमचा फरक हातांना आधी कळतो, बेअरिंगला मागाहून.

फिल्टर झटकला. कागदाचा आहे, त्याला ऑइल लावायचं नसतं. उजवं मागचं चाक उतारावर किंचित कुरकुरतंय, ग्रीस दिलं आहे. ३० तासांना पुन्हा उघडून बघते.