टोल्किन यांच्या 'शायर'ला मराठीत काय म्हणावे?

गेल्या वर्षी 3 जानेवारीच्या रात्री नऊ वाजता मी स्वयंपाकघरात हातात चहाचा कप घेऊन उभी होते आणि समोरच्या फळीवर डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनच्या पडद्यावर आमच्या वाचकमंडळातली आणखी अकरा माणसे आपापल्या घरात तशीच उभी होती. कोणाच्या हातात कॉफी होती, कोणाच्या हातात कोकम सरबत. नऊ वाजले तसे सगळ्यांनी हातातले पेले उंचावले आणि एका आवाजात म्हटले, "द प्रोफेसर!" 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक आणि ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टोल्किन यांचा जन्म 1892 साली याच तारखेला, आजच्या दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेन या गावी झाला. त्यांचे वाचक दर वर्षी जिथे असतील तिथल्या घड्याळाप्रमाणे रात्री नऊ वाजता त्यांच्या नावाने पेला उंचावतात, त्यामुळे हा उच्चार न्यूझीलंडकडून सुरू होऊन तासातासाने पश्चिमेकडे सरकत जातो. माझ्या आधी ऑकलंडमध्ये कोणीतरी तो केला होता आणि माझ्यानंतर साडेपाच तासांनी ऑक्सफर्डमध्ये कोणीतरी करणार होते, या जाणिवेने माझा गळा दाटून आला.

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मी पहिल्यांदा वाचले ते वसतिगृहात, जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून घेतलेल्या आणि कणा सुटत आलेल्या एका जाडजूड प्रतीतून. ही प्रत एकाच खंडाची होती, आणि लेखकाला अभिप्रेत होते तेही असेच, कारण त्यांच्या मनात ही एकच, सहा भागांची कादंबरी होती. युद्धोत्तर काळात कागद महाग असल्यामुळे प्रकाशकांनी ती 1954 आणि 1955 या दोन वर्षांत तीन खंडांत काढली. त्यानंतर वीस वर्षांत मी हे पुस्तक सात वेळा वाचले असेन, पण त्याविषयी कोणाशी कधी नीट बोलले नाही. घरी कोणाला त्यात रस नव्हता, मैत्रिणींनी चित्रपट पाहिले होते आणि त्यांचे तेवढ्यावर समाधान झाले होते. वाचन हा एकट्याने करायचा व्यवहार आहे, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. एका ओळखीच्या बाईंनी या वाचकमंडळात माझे नाव सुचवले, तेव्हा हो म्हणायला मी जवळजवळ दोन महिने घेतले. आपल्या मनातला खासगी कोपरा अनोळखी माणसांपुढे उघडा पडेल, अशी भीती होती.

मंडळाची रीत साधी आहे. दर शनिवारी एक प्रकरण, आळीपाळीने मोठ्याने वाचून, आणि मग चर्चा. कादंबरीची प्रकरणे 62 आहेत, म्हणजे सव्वा वर्षापेक्षा थोडा कमी काळ. मोठ्याने वाचताना पाने गाळता येत नाहीत, आणि मी इतकी वर्षे किती गाळत आले होते, हे पहिल्या महिन्यातच ध्यानात आले. गाणी मी डोळ्यांखालून नुसती घालवली होती. वाटेतल्या टेकड्या, झाडे, वाऱ्याची दिशा, चंद्राची कला, हे सगळे कथेला उशीर लावणारे वर्णन म्हणून ओलांडले होते. नागपूरचे एक निवृत्त शिक्षक, ज्यांना आम्ही सगळेच सर म्हणतो, ते प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी नकाशा उघडून मंडळी आज कुठून कुठे चालली ते दाखवतात. त्या नकाशावर बोट ठेवून चालताना थकवा खरा वाटू लागतो.

यंदाच्या फेब्रुवारीत आम्ही त्या ज्वालामुखीच्या प्रकरणापाशी पोहोचलो. ज्यांनी वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फ्रोडो नावाचा एक साधा हॉबिट, म्हणजे बुटक्या, घरबशा लोकांपैकी एक, सत्तेची अंगठी अग्नीत टाकण्यासाठी सारा प्रवास सोसतो आणि अगदी कड्यावर उभा राहिल्यावर ती टाकायला नकार देतो, स्वतःच्या बोटात घालतो. अंगठी नष्ट होते ती तिच्या जुन्या मालकामुळे, गॉलममुळे, जो तिच्या हव्यासाने फ्रोडोचे बोट चावून तोडतो आणि आनंदाच्या भरात तोल जाऊन आगीत पडतो. मंडळातली सर्वांत लहान सभासद रत्नागिरीला कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "सर, मग फ्रोडो हरलाच ना? एवढं सगळं करून शेवटी नाहीच म्हणाला." बराच वेळ कोणी बोलले नाही. मग सरांनी सांगितले की हाच प्रश्न टोल्किन यांना त्यांच्या वाचकांनीही विचारला होता, आणि 1963 सालच्या एका पत्रात त्यांनी त्याचे सविस्तर उत्तर दिले आहे. त्या क्षणी अंगठीचा दाब कोणाच्याही सहनशक्तीपलीकडचा होता, फ्रोडोने आपले बळ आणि मन शेवटच्या कणापर्यंत खर्च केले होते, म्हणून त्याचे अपयश हे नैतिक अपयश नव्हे, असे ते मानत. त्याने आणि त्याच्या आधी अंगठी बाळगणाऱ्या बिल्बोने गॉलमला जिवंत सोडले, त्या दयेने पुढची वाट मोकळी केली.

दया की करुणा, यावर मग आमचे अर्धा तास चालले. 'कीव' या शब्दात मराठीत थोडी तुच्छता येते, ती इथे अजिबात चालणार नाही, यावर मात्र एकमत झाले. परदेशी स्थायिक झालेल्या आमच्या काकूंनी त्या वेळी एक गोष्ट सांगितली, जी मला वीस वर्षांत ठाऊक नव्हती. 1937 साली बिल्बोची गोष्ट सांगणारे 'द हॉबिट' पहिल्यांदा छापले गेले, तेव्हा त्यात हा करुणेचा प्रसंग नव्हताच. कोड्यांची पैज हरल्यावर गॉलम अंगठी बक्षीस म्हणून द्यायला तयार होता, आणि ती सापडेना म्हणून त्याने बिल्बोला बाहेरची वाट दाखवली. पुढची मोठी कादंबरी लिहिताना अंगठीचे स्वरूप बदलले, म्हणून लेखकाने ते प्रकरण नव्याने लिहिले आणि 1951च्या आवृत्तीत ते आले. अंधारात तलवार उपसून उभा असलेला बिल्बो, समोर निःशस्त्र, एकाकी, दुःखी गॉलम, आणि त्याला न मारता त्याच्यावरून घेतलेली ती उडी. संपूर्ण कथा ज्या एका क्षणावर तोललेली आहे, तो लेखकाने मागे जाऊन घडवला. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि मी ते प्रकरण पुन्हा काढून वाचले.

मराठीतली चर्चा मात्र सर्वांत रंगते ती नावांवरून. मुग्धा कर्णिक यांनी ही कादंबरी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने मराठीत आणली आहे, हे मला मंडळात आल्यावर कळले. एवढे काम आपल्या भाषेत झालेले असताना आपल्याला त्याचा पत्ताही नसावा, याची मला मनापासून लाज वाटली. टोल्किन स्वतः या बाबतीत फार काटेकोर होते. अनुवादकांसाठी त्यांनी नावांची एक मार्गदर्शिका लिहून ठेवली होती. ज्या नावांना इंग्रजीत अर्थ आहे त्यांचा अर्थ अनुवादाच्या भाषेत यावा, अशी त्यांची अपेक्षा होती. म्हणून आम्ही खेळ म्हणून एकेक नाव घेतो. 'शायर' म्हणजे हॉबिट लोकांचा मुलूख. त्यासाठी सरांनी 'परगणा' सुचवले, ते अर्थाने चोख आहे, पण त्याला महसुली दप्तराचा वास येतो. काकूंनी 'पंचक्रोशी' म्हटले. मी 'मावळ' म्हटले. माझे आजोळ पवन मावळातले. डोंगरांच्या कुशीतली खोरी, भाताची खाचरे, गावाबाहेरच्या जगाविषयी फारशी उत्सुकता नसलेली, खाण्यापिण्यात आणि नात्यागोत्यात रमणारी आणि वेळ आली की कोणाच्या कल्पनेतही नसेल एवढी चिवट ठरणारी माणसे. शायर वाचताना माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यापासून हेच होते, फक्त ते कधी मोठ्याने म्हटले नव्हते.

आणि लिपी. परिशिष्टात टेंगवार या एल्फ लोकांच्या लिपीचा तक्ता आहे. मी तो नक्षी म्हणून पाहत आले होते. मुख्य 24 अक्षरे चार मालिकांत आणि सहा श्रेणींत मांडली आहेत, जोडीला 12 जादा अक्षरे. पहिल्या मालिकेचे नाव तिंकोतेमा म्हणजे 'त'ची मालिका, दुसरीचे पार्मातेमा म्हणजे 'प'ची. आपले त-वर्ग आणि प-वर्गच! अक्षरात एक उभी दांडी आणि एक कमान असते. कमान एकेरी असेल तर 'त', दुहेरी केली की 'द', आणि हाच नियम 'प' आणि 'ब'लाही लागू. दांडी आखूड करून कमान दुहेरी ठेवली की अनुनासिक. स्वर अक्षराच्या डोक्यावर खुणांनी दाखवतात, आणि 'अ' फार वेळा येतो म्हणून क्वेन्या या एल्फांच्या भाषेत ती खूण पुष्कळदा लिहीतच नाहीत. 'काल्मा' म्हणजे दिवा, तो नुसत्या क, ल, म या अक्षरांनी लिहिता येतो, असे उदाहरण तिथेच दिले आहे. मराठी डोळ्यांना तिथे 'कलम' दिसते. हे सारे देवनागरीवरून घेतले असे मी म्हणत नाही. उच्चारस्थानांप्रमाणे वर्ण लावणे कोणाही भाषाशास्त्रज्ञाला सुचेल, आणि टोल्किन यांच्या बाबतीत तर भाषा आधी जन्मल्या, कथा त्यांना राहायला घर म्हणून नंतर आली. पण बाराखडी घोकून मोठे झालेल्याला हा तक्ता परका वाटत नाही, एवढे खरे.

अडचण येते ती ट-वर्गाची, कारण चार मालिका त, प, च आणि क यांनी भरून जातात. 'ळ' मात्र आम्ही सोडवला. 'ल'साठी लाम्बे हे अक्षर आहे, त्याच्या नावाचा अर्थ जीभ. त्याच्या शेजारी 'ल्ड'साठी आल्दा आहे, म्हणजे झाड. ते आम्ही 'ळ'ला दिले.

मागच्या शनिवारी आम्ही 62वे प्रकरण संपवले. वाचन झाल्यावर मी चौकटीच्या वहीत लिहिलेला एक शब्द सगळ्यांना दाखवला. आधी माल्टा, म्हणजे सोने. मग 'आ'साठी एक लांब उभी रेघ, तिच्यावर तीन टिंबे, अगदी काना दिल्यासारखी. मग वाला, म्हणजे दैवी शक्ती. शेवटी आल्दा. मावळ. काकूंनी तो शब्द अक्षर अक्षर लावत वाचला आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले. रत्नागिरीच्या मुलीने लगेच स्वतःच्या गावाचे नाव लिहून मागितले, आणि त्यातला 'त्न' कसा जोडायचा यावर अजून आमचे एकमत झालेले नाही.