छर्रे, शिसं आणि हरियल

आज रेंजवर २० नवी मुलं होती. १० मीटर अंतर, ४.५ मिलिमीटरची एअर रायफल, प्रत्येकी २० छर्रे. चूक बहुतेकांची एकच: श्वास फार वेळ रोखणं. आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही की नजर थकते, हात थरथरतो आणि ट्रिगर हिसक्यानं ओढला जातो. दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा! अशा वेळी रायफल खाली घ्यायची, पुन्हा पहिल्यापासून.

सत्रानंतरचं काम तितकंच महत्त्वाचं. छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, म्हणजे आजचं २०० ग्रॅम शिसं. ट्रॅप, म्हणजे लक्ष्यामागे छर्रे अडवणारा डबा, प्रशिक्षकानं हातमोजे घालूनच रिकामा करावा. कोरडा झाडू नको, शिशाची धूळ उडते. ओलं फडकं मारा. मुलांनी साबणानं हात धुतल्यावरच खाऊचे डबे उघडायचे. दाणे टिपणारे पक्षी अन्न दळण्यासाठी खडे गिळतात. मातीत पडलेला छर्रा त्यांना खडाच वाटतो, आणि पोटात झिजलेलं शिसं रक्तात उतरतं.

पाखरांवर एअरगन रोखायची नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी सांगायचं. हरियल आपला राज्यपक्षी; त्याची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. अरुणाचलमध्ये २०२१ पासून गावकऱ्यांनी आपल्या एअरगन स्वतःहून जमा केल्या, तेही मुलांना आवर्जून सांगा.