शेजारच्यांचे युनिट

जळगावात एप्रिल लागला की कूलर बाहेर निघतात आणि बिल आलं की जिन्यात दुसरा विषय नसतो. आमच्या सोळा फ्लॅटच्या इमारतीचा हिशेब माझ्याकडे. म्हटलं, सगळ्यांचे युनिट मागून जिन्याखालच्या फळ्यावर लावू, जास्तवाले आपोआप लाजतील.

पहिल्याच संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी कागद फाडला. "माझं बिल चव्हाट्यावर कशाला?" बरोबरच होतं त्यांचं. मग दारोदार बंद चिठ्ठ्या दिल्या: तुमचे इतके, तुमच्यासारख्या घरांची सरासरी इतकी. एसीवाले वेगळे, कूलरवाले वेगळे. दोन माणसांचं घर आणि सहा माणसांचं, एका तराजूत कसं घालणार?

मे महिन्यात उलटंच झालं. तळमजल्यावरच्या मायइतकं काटकसरी आमच्याकडे कुणी नाही, पण त्यांचे युनिट मागच्या मेपेक्षा कितीतरी वाढलेले. विचारलं तर म्हणाल्या, "भाऊ, तूच लिखी दिधं ना, आमनं कमी शे म्हनीसन. मंग दुपारले बी कूलर चालूच!"

नंतर वाचनात आलं, कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावात हेच घडलं होतं. 2007 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी कळताच जास्त वापरणारे खाली आले, कमी वापरणारे वर चढले. कमी वापरणाऱ्यांच्या चिठ्ठीवर हसरा चेहरा काढल्यावर मात्र ती चढण थांबली. मीही पुढच्या वेळी मायच्या चिठ्ठीवर पेनानं एक हसरं तोंड काढलं. ती चिठ्ठी आता त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी चिकटवलेली आहे.

जूनमध्ये सगळ्यांचेच युनिट उतरले, पण तो पाऊसही असेल. अमेरिकेत सहा लाख घरांवर असा प्रयोग झाला, तिथेही सरासरी बचत 2 टक्क्यांच्याच आसपास होती. त्यामुळे मी छाती फुगवत नाही.

राहिली माझी स्वतःची चिठ्ठी. सरासरीच्या वर, तीही स्वतःच्याच हातानं लिहिलेली. बायकोनं ती फ्रिजवर लावली. जुने पंखे 75 वॅटचे, दिवसाला वीस तास फिरणारे, म्हणजे एका पंख्याचे दीड युनिट. 30 वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे, लावले तर 0.6. दोन बदलले, तिसऱ्याचे पैसे दिवाळीत.

जिन्यातले दिवे मात्र अजून दुपारी बारापर्यंत जळतात. सामायिक मीटरची चिठ्ठी कुणाच्या दारात टाकायची?